मुलगी बघायला गेलो तेव्हा मी गप्प बसले

रविवार, दिवेलागण

मन्यासाठी मुलगी बघायला आज आम्ही गडमुडशिंगीला गेलो होतो. धाकटा भाऊ माझा, लहानपणापासून बोलताना अडखळतो. शाळेत, बँकेत, दवाखान्यात, सगळीकडं त्याचं वाक्य मीच पुरं करत आले. आज निघताना मात्र बुटाची नाडी बांधत म्हणाला, "आक्का, तिथं मधी बोलू नको."

बरं. नाही बोलत.

पोहे आले. मुलीच्या वडिलांनी विचारलं, "पावणं, नाव काय तुमचं?" झालं. "म... म..." करत अडकला. कान लालबुंद. सवयीनं माझ्याकडं बघितलं त्यानं. मी मान खाली घालून पोह्यांतले शेंगदाणे वेचून खात बसले. त्याचं ऐकायचं म्हणून? छे. होऊ दे फजिती, मग कळेल आक्का कशाला लागते ते. आईनं कोपरानं ढोसलं, तरी माझे शेंगदाणे चालूच.

ती मुलगी हसली नाही. त्याच्याकडं बघत शांत थांबली. शेवटी "मनोज" बाहेर पडलं. मग कागलच्या कारखान्यातलं कामही त्यानं सांगितलं, थांबत थांबत, पण सगळं. मला वाईट वाटलं. तो बोलला याचं.

घरी आल्यावर त्यानं मला पाणी आणून दिलं. म्हणाला, "आक्का, तू गप बसलीस म्हणून जमलं. लई अवघड गेलं असंल तुला. आता इथून पुढं असंच गप बस."

एकदाही अडखळला नाही.

अवघड कसलं? त्याचे कान लाल होत होते, तेव्हा ते शेंगदाणे मला गोड लागत होते.