चौचाकी गिअर आणि पाडव्याच्या म्हशी

लक्ष्मीपुरी, कोल्हापूर
५ नोव्हेंबर १९७८

राजमान्य हंबीरराव यांस कुतुबुद्दीन नदाफ, गादीवाले, यांचा सलाम आणि गडमुडशिंगीच्या शाळेतल्या कुतब्याचा रामराम. (सलाम तुझ्या मिशांना, रामराम तुला.) अल्लाच्या मेहेरबानीने इकडे सर्व खुशाल. चंदगडचा पाऊस उघडला का? वहिनींचा गुडघा कसा आहे? आईंना सांग, त्यांच्यासाठी शेवरीच्या कापसाची उशी शिवून ठेवली आहे. तुझी जीपही खुशाल आहे. म्हणजे सायलेन्सर सोडून. तेच सांगायला बसलो आहे.

तू जीप दिलीस तेव्हा म्हणालास, महिनाभर वापर, मन बसलं तर ठेवून घे, गाद्या हातगाडीवरून किती दिवस नेणार? वर असंही म्हणालास की चौचाकी गिअर टाकला, म्हणजे चारही चाकांना जोर दिला, की ही घोरपडीसारखी चिकटते. मी विचार केला, जी चंदगडच्या चिखलात घसरत नाही ती कोल्हापूरच्या डांबरावर काय घसरणार? इथेच चुकलो. घोरपड कडा चढते म्हणून तिला कोणी पेठेत भाजी आणायला पाठवत नाही.

मुळात ही गाडी उंच आणि अंगाने अरुंद. तिच्यावर गाद्या रचल्या की उंटावर माडी बांधल्यासारखं दिसतं. वळण आलं की माडी एकीकडे जाते आणि उंट दुसरीकडे. अशा वेळी मी मनात कलमा म्हणतो आणि आकाराम मोठ्याने जोतिबाला हाक मारतो. (आकाराम म्हणजे आमचा शेजारी, मिलिटरीत गाडी चालवून निवृत्त झालेला. जीप तोच चालवतो. मी शेजारी बसून सल्ला देतो.)

आता मुद्द्यावर येतो. आमच्या हाफिजाचं गंगावेशीतल्या इलाहीसाहेबांच्या मुलाशी ठरल्याचं तुला कळवलं होतंच. बकरी ईद झाली की निकाह. इलाहीसाहेब घड्याळं दुरुस्त करतात आणि टिकटिक सोडून त्यांना दुसरा आवाज खपत नाही. बोलणी झाली तेव्हा एवढंच म्हणाले, "नदाफ, आम्हाला काही नको. फक्त गाजावाजा नको. गाजावाजा करणाऱ्या घराशी माझं जमायचं नाही." मी शब्द दिला. पोरीच्या संसाराची गादी मी स्वतः पिंजून, स्वतः टाके घालून केली. ती आणि पाहुण्यांच्या गाद्या पाडव्याला दुपारी गुपचूप पोचवायच्या असं ठरलं. पाडव्याच्या म्हशींची मिरवणूक निघते संध्याकाळी, तोवर आपण परत येऊ, असा हिशेब होता.

पापाच्या तिकटीपर्यंत ठीक चाललं. पुढे वळण दिसलं आणि मी म्हणालो, आकाराम, चौचाकी टाक. तो म्हणाला, "मामू, डांबरावर न्हाय टाकायचा. हे गाडं रानातलं हाय." मी म्हणालो, पोरीची गादी आहे, दोन बैलांपेक्षा चार बरे. तो मिलिटरीतला माणूस, हुकूम पाळला. जीपने वळायला मान घातली आणि शेळीसारख्या उड्या मारायला लागली, कण्हली आणि रस्त्यात आडवी उभी राहिली. गिअर निघेना, चाक वळेना. आकारामने नंतर समजावलं की वळणावर आतल्या चाकाला कमी चालायचं असतं, बाहेरच्याला जास्त, पुढच्याचा हिशेब वेगळा आणि मागच्याचा वेगळा. चौघांना एका दाव्याला बांधलं की कोणीच माघार घेत नाही. मला आमचे चौघे चुलते आठवले. सरळ रस्त्यावर त्यांच्यासारखी एकी नव्हती, पण वाटणीचं वळण आलं आणि घर असंच आडवं झालं.

हा विचार करायला मला भरपूर वेळ मिळाला, कारण ऊन उतरेपर्यंत आम्ही तिथेच होतो. दोन्ही बाजूंच्या हातगाडीवाल्यांनी आमच्या घराण्याबद्दल मतं दिली. शेवटी मागे-पुढे हिसके देता देता गिअर सुटला, जीप उसळून गटारीच्या दगडावर चढली आणि सायलेन्सर खाली पडला.

पाडव्याचा रिवाज तुला ठाऊक आहे. गवळी फटफटीचा सायलेन्सर काढतात आणि सजवलेली म्हैस धन्याच्या त्या आवाजामागे धावत सुटते. म्हैस फक्त आपल्याच धन्याचा आवाज ओळखते असं गवळी छातीठोक सांगतात. ते खोटं आहे. तुझ्या जीपचा आवाज कुठल्याही धन्यापेक्षा मोठा होता. लाल शिंगांची, कपाळावर मोरपिसं लावलेली एक म्हैस धन्याला सोडून आमच्या मागे लागली. तिला बघून दुसरी, मग सगळ्याच. त्यांच्या मागे गवळी, त्यांच्या मागे बघे, आणि कोणी न सांगता एक हलगीवाला.

"ओ पावणं, आमची म्हस सोडा की!"

"आम्ही कुटं धरलीया? तीच येत्या!" आकाराम ओरडला.

"मग गाडी बंद करा!"

"बंद केली तर परत चालू हुईत न्हाय!"

अशा रीतीने आम्ही गुपचूप इलाहीसाहेबांच्या दारात पोचलो.

जीप बंद झाली, हलगी झाली नाही. इलाहीसाहेब डोळ्याला भिंग लावलेल्या अवस्थेत बाहेर आले. माझी मान वर होईना. गादी आता परत जाणार आणि पोर घरीच राहणार, एवढंच डोक्यात होतं. तेवढ्यात त्यांची आई, सलिमाबी, चौकट धरत बाहेर आल्या. त्यांना दिसत नाही जवळजवळ. मोरपिसांच्या म्हशीच्या पाठीवरून, शिंगांवरून, कासेवरून त्यांनी हात फिरवला आणि म्हणाल्या, "इलाही, माणसं लई जिवाची हायत रं! गाद्या दिल्या, वर म्हस बी दिली! माज्या बानं लग्नात मला दिलती, त्येच्यानंतर ह्या दारात म्हस न्हाय आली."

इलाहीसाहेबांनी आईकडे पाहिलं, म्हशीकडे पाहिलं. मग खांदे हलायला लागले, डोळ्यावरचं भिंग खाली पडलं, आणि तो माणूस हलगीपेक्षा मोठ्याने हसला. म्हैस धुवायला नेली असं सांगून गवळ्याची गवळ्याला दिली. मला बाजूला घेऊन म्हणाले, "शपथ हाय नदाफ, म्हस आणायची न्हाय. आम्ही काय मागितलेलं न्हाय." त्यांचं बरोबर आहे. पण म्हातारीचा तो हात माझ्या डोळ्यांपुढून जात नाही.

तेव्हा जीप काही ठेवून घेत नाही. ती गुणी आहे, पण शहराच्या लायकीची नाही, किंवा शहर तिच्या लायकीचं नाही. आकारामबरोबर परत पाठवतो. राग धरू नकोस. लहानांना दुवा, थोरांना सलाम.

तुझा,
कुतुबुद्दीन

ता. क. तुझ्या गोठ्यात एखादी गरीब स्वभावाची म्हैस आहे का? रीतसर विकत घेईन. शिंगं लाल रंगवणं माझ्याकडे लागलं, मोरपिसंही.

ता. क. पत्र टाकायला निघालो तर दारात इलाहीसाहेब. सलिमाबींनी चहा सोडला आहे, आता घरच्या म्हशीच्या दुधाचाच घेणार म्हणतात. दावंही वळून ठेवलंय. इलाहीसाहेब म्हणाले, "आणा, पर इकत मी घेणार." म्हणजे त्यांची शपथही राहिली; आणि वळणावर आतल्या चाकाने कमी चालायचं असतं हे मला आठवलं. मी कबूल झालो.

ता. क. म्हणजे म्हैस आणायला जीप लागणार, तेव्हा ती आणखी महिनाभर राहू दे. आणि आकाराम म्हैस न्यायला ती घेऊन तिकडे आला की सायलेन्सर बसवू नकोस. घड्याळवाल्यांनीच जाताना सांगितलं, "आईला लांबनं कळाय पायजे, म्हस आली म्हणून."