प्रश्नावलीचं शेवटचं पान

४ सप्टेंबर

प्रिय बारक्या,

आशीर्वाद आधीच देऊन ठेवते, म्हणजे पुढे काही चिडण्यासारखं निघालं तरी ते परत घेता येणार नाहीत. तुम्ही दोघं मजेत असाल. मीही मजेत आहे. गुडघा कुरकुर करतो, पण त्याला आता कोण विचारतं.

फोन सोडून पत्र कशाला, असं तू म्हणशील. फोनवर तू मला एक वाक्य पुरं करू देत नाहीस. शिवाय विभागाचं पत्रक काढायचं काम यंदा माझ्या गळ्यात पडलंय, त्यामुळे हात लिहिता झालाय. त्यात 'घडामोडी' आणि 'आगामी कार्यक्रम' अशी दोन सदरं असतात. कृषी अर्थशास्त्र विभागात घडून घडून काय घडणार, असं तू नेहमी चिडवतोस. तर ऐक.

पहिली घडामोड म्हणजे आमचे नवे विभागप्रमुख. पोरांनी आठवड्याच्या आत त्यांचं नाव 'कात्री' ठेवलं. दिसेल ते कापतात. बैठकीतली बिस्किटं कापली, मग बैठकीतली भाषणं कापली, इथपर्यंत मीसुद्धा खूश होते. नंतर त्यांची नजर आपल्या प्रश्नावलीवर गेली. आपलीच म्हणते, कारण शेतकरी कुटुंबांच्या पाहणीची ती प्रश्नावली मी विद्यार्थिनी होते तेव्हापासून आपल्या घरात आहे आणि तू तिच्या पाठकोऱ्या बाजूंवर विमानं काढून मोठा झालास. तिचं शेवटचं पान त्यांनी गाळलं. कामासाठी, शिक्षणासाठी बाहेरगावी राहणारी माणसं कोण, घरी काय पाठवतात, घरून काय नेतात, ते सगळं त्या पानावर असायचं. तिथवर पोहोचेपर्यंत शेतकरीही कंटाळतो आणि विद्यार्थीही, असं त्यांचं म्हणणं. मी बैठकभर भांडले. बाजारभाव माझ्या बाजूने होते. तरीही हरलो.

बाजारभाव म्हणजे आमच्याकडे शेतमालाची विक्री शिकवणारे प्राध्यापक. हे नावही पोरांचंच. हा माणूस भेटला की नमस्काराच्या जागी टोमॅटोचा भाव सांगतो. आणि गंमत अशी की स्वतः बाजारात गेले की हमखास किडकी वांगी चढ्या भावाने घेऊन येतात, वर त्या भाजीवालीला विक्रीतलं किती कळतं याचं कौतुक करतात. मला हे ठाऊक, कारण ती वांगी माझ्या स्वयंपाकघरात येतात. ते शेजारच्याच क्वार्टरमध्ये राहतात, एकटेच. मागच्या सत्रात त्यांची शेगडी बिघडली. दुरुस्तीवाला रोज उद्यावर ढकलायचा. माणूस उपाशी राहील म्हणून मी म्हटलं, भाजी तुम्ही आणा, शिजवते मी. तेवढंच.

आता आगामी कार्यक्रम. आमची एक जुनी विद्यार्थिनी बटाट्याच्या शीतगृहांवर बोलायला येणार आहे. बाजारभावांची बाजारपेठेला सहल आहे, तिकडून ते काय आणतील, देव जाणे. आणि पुढच्या महिन्यात गावांमधली पाहणी. त्याआधी पहिल्या वर्षाची पोरं सरावासाठी आमच्या क्वार्टर्समध्ये घरोघर फिरून फॉर्म भरणार. मी सराव तुझ्यावर केला होता, आठवतं का? चौथीत होतास. 'कुटुंबप्रमुख कोण?' या प्रश्नाला छाती काढून 'मी' म्हणाला होतास.

पुढल्या वर्षीच्या पाहणीची जबाबदारीही माझ्याच नावावर लागली आहे. कात्रींनी विचारलं आणि मी हो म्हणून बसले. हे सत्र संपलं की नोकरी सोडून तुमच्याकडे कायमचं राहायला यायचं, असं आपलं ठरलंय, ते मी विसरलेले नाही. म्हणजे ठरवलंस तू, मी नाही म्हटलं नाही. माझ्या खोलीला रंग कोणता द्यायचा, हे तू दोनदा विचारलंस. फिकट रंग चांगले. डाग दिसतात, पण चांगले.

तुझ्या बायकोला, म्हणजे आमच्या दातांच्या डॉक्टरीणबाईंना सांग, मी रात्री दात घासते. खरं सांगते.

आता तास आहे. उरलेलं पुढच्या वेळी.

तुझी,
ताई

१९ सप्टेंबर

प्रिय बारक्या,

आज विभागाच्या बातम्यांआड लपायचं नाही, असं ठरवून बसले आहे. तरी सुरुवात विभागापासूनच करावी लागणार, कारण जे झालं ते तिथेच झालं, भर वर्गात.

आधी नियम सांगते. पाहणीत कुटुंब कशाला म्हणायचं, हे मी दर वर्षी पहिल्याच तासाला शिकवते. एका चुलीवर शिजलेलं रोज खाणारी माणसं म्हणजे एक कुटुंब. त्यांच्यात नातं असो वा नसो. आणि जो सहा महिन्यांहून जास्त काळ बाहेरगावी आहे त्याला धरायचं नाही, मग तो पोटचा का असेना. यावरून पोरं मला पाठीमागे 'चूलबाई' म्हणतात. मला कळत नाही, असा त्यांचा समज आहे.

सरावाच्या दिवशी माझ्या घरी एक चष्मेवाली मुलगी आली. गुणी पोरगी, पायपुसण्यावर पाय पुसून आत आली. कुटुंबात माणसं किती, तिने विचारलं आणि मी पटकन म्हणाले, "दोन. मी आणि माझा भाऊ." तिने तुझं नाव लिहिलं. भाऊ घरी कधीपासून नाही, हा तिचा पुढचा प्रश्न. मी सांगितलं. ती घुटमळली, मग मीच शिकवल्याप्रमाणे तिने ते नाव खोडलं. हळूच खोडलं, मला लागू नये म्हणून. वर विचारते, "मॅडम, यांना मग कुठे लिहू?" मी शेवटचं पान उलटायला गेले, तर ते पान नव्हतंच. कात्रींच्या नावाने बोटं मोडली आणि तिला म्हटलं, राहू दे.

बारक्या, इतकी वर्षं मी किती घरांतली माणसं अशी खोडली असतील. दारात उभ्या राहून मुलाचं नाव सांगणाऱ्या बायांचे चेहरे उतरायचे. त्यांना काय होत असेल, हे मला त्या दिवशी कळलं.

पुढचा प्रश्न होता, या चुलीवर आणखी कोण जेवतं? खोटी माहिती देणाऱ्यांवर मी वर्गात तोंडसुख घेते. त्यामुळे खरं सांगणं भाग होतं.

दुसऱ्या दिवशी वर्गात फॉर्म पडताळायला घेतले. बाजारभाव खिडकीपाशी बसले होते, सरावावर देखरेख आम्हा दोघांकडे असते. चष्मेवाली उभी राहिली. "मॅडम, सात नंबर आणि आठ नंबर, दोन्ही घरांनी चूल एकच सांगितली आहे. म्हणजे एक फॉर्म रद्द करायचा ना?"

सात नंबर माझं घर, आठ त्यांचं. मागच्या बाकावर कुणीतरी खोकलं, आणि ते खोकणं नव्हतं. माझे कान तापले. मी म्हटलं, "नियम काय सांगतो?"

"एकच कुटुंब."

"मग रद्द कर."

"आणि कुटुंबप्रमुख कोण लिहू?"

मी फॉर्म बघायला मागितला. तेव्हा खिडकीपासून आवाज आला. "त्यांनाच लिहा. भाजी मी आणतो, पण चालतं त्यांचं."

वर्ग इतका हसला की शेजारच्या वर्गातून माणूस बघायला आला. मी फळ्याकडे तोंड करून काहीबाही लिहीत राहिले. काय लिहिलं, ते विचारू नकोस.

त्या संध्याकाळी ते पिशवी घेऊन आले, ओट्यावर ठेवली आणि भाव न सांगता खुर्चीत बसले, तेव्हाच मी ओळखलं. मी सत्र संपलं की तुझ्याकडे जाणार, हे त्यांना माहीत आहे. माझ्यासमोर ते तुझ्या त्या खोलीबद्दल नेहमी चांगलंच बोलतात. उठून पिशवीतली भाजी ओट्यावर ओळीने मांडली. मग म्हणाले, "तुम्ही गेलात तर पोरांना तो फॉर्म परत भरावा लागेल. मला ते नको आहे."

मी हो म्हटलं. विचार करून सांगते, असं म्हणायचं असतं बहुतेक. मी नाही म्हटलं तसं.

आता खरं तेच लिहिते. त्यांची शेगडी कधीच दुरुस्त झाली आहे. दुरुस्तीवाल्याने तिसऱ्या-चौथ्या फेरीतच केली. आम्ही दोघांनीही तो विषय काढला नाही. मला त्यांच्याबरोबर जेवायला आवडतं. ते वांग्यातली कीड काढून बाजूला ठेवतात आणि म्हणतात, बघा, फवारणी कमी आहे, तब्येतीला चांगलं. मी हसते. या घरात एकटी असताना मी हसत नव्हते रे, तू गेल्यापासून.

म्हणून मी तुझ्याकडे राहायला येणार नाही. पाहुणी म्हणून येईन, कंटाळा येईपर्यंत राहीन, पण कायमची नाही. आई गेल्यावर मी तुला वाढवलं, त्याची फेड म्हणून तू ती खोली केलेली नाहीस, हे मला पक्कं ठाऊक आहे. फेड असती तर नको म्हणणं सोपं होतं. तू मायेने केलीस, म्हणून इतके दिवस माझ्या तोंडून शब्द फुटत नव्हता. तुला वाटेल, ताईने मला खोडलं आणि जागा भरून टाकली. असं वाटू देऊ नकोस. आणि वाटलंच तर मला ओरड, पण गप्प बसू नकोस. तू गप्प बसलास की मला काही सुचत नाही.

पाहणीला निघायच्या आधीच्या गुरुवारी आम्ही विवाह नोंदणी कार्यालयात जाणार आहोत. समारंभ वगैरे काही नाही. तीन साक्षीदार लागतात, एक आमच्या विभागाचे कारकून आहेत. कात्री एका सहीला तयार आहेत, फार थोडक्यात सही करतात म्हणे. तिसरी सही तुझी हवी आहे. तू नाही आलास तरी नोंदणी होईल, कुणीतरी मिळेल. पण मला कुणीतरी नको आहे.

तुझ्या उत्तराची वाट बघणारी,
ताई

२७ सप्टेंबर

ताई,

उत्तराला उशीर केला. तुझं पत्र खिशात घालून हिंडत होतो. रागावलो होतो. कशावर, ते हिने विचारलं तर मला धड सांगता येईना. मग तिने पत्र वाचलं आणि म्हणाली, "ती खोली ताईंना हवी होती म्हणून केलीस, की तुला बरं वाटावं म्हणून?" दातांचे डॉक्टर सगळे असेच असतात की आपल्याच नशिबी आली, कोण जाणे. भूल न देताच उपटतात.

वाईट वाटलं, हे तुझ्यापासून लपवत नाही. तू इथे असशील, मी कामावरून आलो की तुझी बडबड ऐकू येईल, असं मी मनात पार मांडून ठेवलं होतं. ते मोडलं. पण तुझं हसण्यावरचं वाक्य मी पुनःपुन्हा वाचलं. एकटी असताना तू हसत नव्हतीस, हे मला फोनवर कधी कळलं नाही. मी तुला वाक्य पुरं करू देत नव्हतो, ते खरंच आहे.

चौथीतली ती गोष्ट तू गंमत म्हणून सांगतेस. माझ्या लेखी ती गंमत नव्हती. बाबा तर आधीच गेले होते, आणि आईला जाऊन फार दिवस झाले नव्हते. आता आपलं घर मोडणार आणि मला कुठेतरी पाठवणार, असं मी शेजाऱ्यांच्या बोलण्यातून ऐकलं होतं. तू 'कुटुंबप्रमुख कोण' विचारलंस तेव्हा मी घाबरून 'मी' म्हणालो, म्हणजे निदान मला तरी कुणी पाठवू शकणार नाही. तू हसली नाहीस. लिहून घेतलंस. आणि मग मला विचारलंस, "प्रमुखसाहेब, आज जेवायला काय करू?" त्या दिवशी मला पहिल्यांदा वाटलं की घर आहे.

तेव्हा त्या अधिकाराने सांगतो. परवानगी आहे. बाजारभावांना म्हणावं, किडकी वांगी आणायची मुभा आहे, पण तुझ्या गुडघ्याकडे लक्ष द्यायचं. खोलीला फिकट रंग दिला आहे आणि खाटा दोन टाकल्या आहेत. सुट्टीत दोघांनी यायचं. इथल्या मंडईत त्यांना एकट्याला सोडणार नाही.

आणि त्या कात्रींना सांग, शेवटचं पान परत लावा. माझ्यापुरतं तरी लावा, मीच भरून देतो. बाहेरगावी राहणाऱ्याचं नाव, तुला माहीत आहे. नातं, भाऊ. कारण, नोकरी. घरी काय पाठवतो, एक सही, ती घेऊन आदल्या दिवशी, बुधवारीच पोहोचतोय. घरून काय नेतो, त्याला एवढासा रकाना पुरणार नाही, ते रिकामं ठेवलंय.

बुधवारी आम्हा दोघांनाही भूक लागलेली असेल, त्या हिशेबाने शिजव. मीठ बेताने.

तुझा,
कुटुंबप्रमुख
(सध्या बाहेरगावी)