शिवण कुणीकडे होती

ऑर्ड, नेब्रास्का
१७ सप्टेंबर १९९१

चि. एमिल यास ल्युडीताईचे पोटभर आशीर्वाद, वि. वि.

आम्ही सगळे ठीक. तुझे दाजी मक्याच्या कापणीत बुडालेत. खसखस भरलेले गोड पाव, आपले कोलाचे, पाठवलेत, वाळायच्या आत खा.

रविवारी चर्च सुटलं की निम्मं गाव तुझी फुटबॉलची मॅच बघायला आमच्या टीव्हीसमोर. शेजारचा ओल्द्रिख मला चिडवतो, की अकरा वर्षांत तुझ्या भावाचं नाव टीव्हीवाल्याने एकदाही घेतलं नाही, तो खरंच खेळतो की पाणी वाटतो? मी म्हटलं, बाबा रे, ओणवं होऊन दोन पायांतून तो लांबट चेंडू लाथ मारणाऱ्यासाठी मागे फेकणं हे त्याचं काम; त्यात नाव निघालं, की काहीतरी बिघडलंय समजायचं.

पण एक विचारते. तुमच्या संघात लाथ मारणाऱ्या डुई रस्कच्या तीन किका गोलाच्या खांबांबाहेर गेल्या आणि पेपरवाले त्या पोराला सोलून काढतायत. मी ते हळू करून दाखवलेलं पाहिलं. गुडघ्यावर बसलेला गडी तुझा चेंडू झेलून जमिनीवर टेकवतो, तेव्हा चेंडूची जाड शिवण खांबांकडे हवी. तिन्ही वेळा ती डुईच्या बुटाकडे होती. शिवणीवर लाथ बसली की चेंडू भरकटणारच. गिरक्या नेमक्या झाल्या तरच शिवण पुढे येते, आणि तुझा चेंडू किती गिरक्या घेऊन कसा पोचतो, हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक आहे? गोठ्यामागे चार वर्षं गुडघे टेकून मीच झेलत होते. माझा पुढचा खोटा दात साक्षीला आहे. हाताला काय झालंय तुझ्या?

माया आहेच, उत्तर लवकर टाक, एवढंच मागणं.
ल्युडी

२४ सप्टेंबर

ती. ल्युडीताईस सा. न. वि. वि. नमस्काराला वेगळं वाकायला नको, माझा धंदाच वाकण्याचा.

कोलाचे मिळाले. मी दोन खाल्ले, बाकीचे गड्यांनी फस्त केले. डुईने चार उचलून बायकोला नेले. तिला सातवा महिना आहे.

आधी तुझा तो टीव्ही बदल. हात ठणठणीत आहे. गुडघ्यावर बसणारा तो वॉल्ट नऊ वर्षं माझा चेंडू धरतोय, त्याने एका शब्दाने तक्रार केलेली नाही. डुईचं मनच खचलंय, असं प्रशिक्षक म्हणतात. माझं वय छत्तीस, जागेवर डोळा ठेवून वीस जण बसलेत, त्यात तू आणखी शंका काढू नकोस बाई. टाइपरायटर घेतलाय, म्हणून हे छापील अक्षर.

लोभ वाढव, चौकशा कमी कर.
एमिल

१ ऑक्टोबर

चि. एमिल, आशीर्वाद आहेतच, रागावले म्हणून ते कमी होत नाहीत.

रविवारी चौथी किकही बाहेर गेली आणि सोमवारी डुईला संघातून काढलं. पेपरात फोटो आलाय, बूट पिशवीत भरून निघालेला. शिवण पुन्हा त्याच्याकडेच होती रे. वॉल्टने घाईघाईने चेंडू फिरवायला पाहिलं, तेही मला दिसलं. तो बोलत नाही ते तुझ्यावरच्या मायेपोटी, एवढं तरी ओळख.

आणि म्हणे टाइपरायटर! इतकी वर्षं कोंबडीने पाय ओढल्यासारखं अक्षर काढलंस, तेव्हा लाज नाही वाटली. पेन धरवत नाही ना? मला तुझ्या हाताची भीती वाटते, आणि त्याहून जास्त तुझ्या गप्प बसण्याची.

माझा दात पडला तेव्हा तू बारा वर्षांचा होतास. चेंडू लागला होता, पण आईला सांगितलंस, गाईने लाथ मारली. आठवड्याच्या आत बाबांनी गाय खाटकाला दिली. तू गप्प, तुला मार बसेल म्हणून मीही गप्प. त्या गाईचं नाव तरी आठवतं का तुला?

काय करायचं ते तूच ठरव. इथलं दार कधीही उघडं आहे.
ल्युडी

१५ ऑक्टोबर

ती. ताईस सा. न. वि. वि. अक्षर डाव्या हाताचं आहे, हसू नकोस.

गेल्या बुधवारी प्रशिक्षकांना सांगितलं, की चारही चुका माझ्या. जुलैपासून उजवा अंगठा बधिर आहे. मग आत्ताच का सांगतोस, असं त्यांनी विचारलं. डॉक्टरने अंगठ्यात सुई टोचली, मी खिडकीबाहेर बघत होतो, मला कळलंच नाही. मानेत शीर दबलीय म्हणे. दुपारी डावांचं पुस्तक परत मागितलं. आमच्यात ते मागितलं की नोकरी संपली. कपाट आवरायला वीस मिनिटं लागली. वॉल्ट दारापर्यंत आला आणि रडला.

शुक्रवारी डुईला परत बोलावलं. मी गाठून माफी मागितली.  तो म्हणाला, की बारा दिवस तो बायकोला सांगत होता, मला आता लाथसुद्धा नीट मारता येत नाही. माफ केलं, असं काही तो म्हणाला नाही.

रविवारी नव्या गड्याच्या चेंडूवर त्याच्या दोन्ही किका खांबांतून गेल्या. मी घरी टीव्हीवर पाहिलं. आधीच्या चार चुका एमिल कोवारिकच्या होत्या, असं टीव्हीवाल्याने दोनदा सांगितलं. ओल्द्रिखला म्हणावं, निघालं बाबा नाव एकदाचं.

गुरुवारी घरी येतोय. लोभ ठेव, आता खरंच लागणार आहे.
एमिल

ता. क. गाईचं नाव बोझेना. चोवीस वर्षांत एक दिवस विसरलो नाही.