गसचे तीनशे पौंड

२६ जुलै, शुक्रवार
आजपासून गसचं, माझ्या मोठ्या भावाचं, वजन माझ्या हातात. घरातली पहिली पदवीधर मी, विषय पोषणशास्त्र. मला कॉलेजात पाठवलं त्यानेच, हट्टाने. आता त्याचं करिअर मी वाचवणार. आठ सीझन तो आमच्या शहराच्या अमेरिकन फुटबॉल टीमचा राइट गार्ड आहे. काम एकच: समोरून धावून येणाऱ्या धिप्पाड माणसांना अंगावर घ्यायचं, म्हणजे मागच्या क्वार्टरबॅकला चेंडू फेकायला वेळ मिळतो. गसने स्वतः आठ वर्षांत चेंडूला हात लावलेला नाही. ऑगस्टअखेर अंतिम यादी लागेल. कोच ब्रूसार्डची अट साधी आहे, दर शुक्रवारी काट्यावर किमान तीनशे पौंड.
आज ३१२. पण सगळे आईच्या गम्बो रश्श्याचे आणि तळलेल्या कॅटफिशचे. मी ते काढून त्या जागी स्नायू भरणार. तक्ता फ्रिजवर लावला आहे.

२९ जुलै, सोमवार
आईने नेहमीप्रमाणे सोमवारचे लाल बीन्स आणि भात केला, वर सॉसेज. मी गसपुढे उकडलेली कोंबडी आणि किन्वा ठेवला. तो ताटाकडे बघत राहिला आणि म्हणाला, "प्रोफेसर, हे जेवण आहे की जेवणाची सूचना?" आईने मला विचारलं की पोराला शिक्षा कशाची चालली आहे. अज्ञानाशी लढा घरातूनच सुरू होतो. त्याला मोह नको म्हणून सॉसेज मी संपवलं.

२ ऑगस्ट, शुक्रवार
३०७. पाणी उतरलं असणार. पहिल्या आठवड्यात उतरतंच.

९ ऑगस्ट, शुक्रवार
टीमच्या काट्यावर ३०६. घरच्या काट्यावर मात्र २९८ होतं. टीमचा काटा अधिक शास्त्रीय दिसतो.
कॉर्नब्रेडचा अख्खा तवा मोहापासून वाचवला. जड गेलं.

१५ ऑगस्ट, गुरुवार
पहिला सराव सामना. आई आणि मी स्टेडियममध्ये. रेफरीने माइकवर तीनदा गसचा नंबर पुकारला. एवढा गाजावाजा आठ वर्षांत झाला नव्हता. आई म्हणाली की गससारख्या पुढच्या रांगेतल्या लाइनमनचा नंबर माइकवर येतो तो समोरच्याला धरून ठेवल्याच्या दंडासाठीच, आणि समोरच्याला धरावं लागतं ते तो पेलवत नसला की. आई जुन्या विचारांची आहे.
गसच्या जागेसाठी टायरी नावाचा नवा आला आहे. बावीस वर्षांचा, ३२५ पौंड. बाकावर बसून डोनट खात होता. त्याच्या यकृताची काळजी वाटते.

१६ ऑगस्ट, शुक्रवार. सकाळी
धक्का. गसच्या शॉर्ट्सच्या आत वाळू भरलेल्या दोन पट्ट्या सापडल्या, घोट्याला बांधून धावतात तशा. चार-चार पौंडांच्या. तो म्हणाला की सगळे लाइनमन करतात, काट्यावरच्या माणसालाही माहीत असतं, आणि आठ पौंडांनी कोणाचं काय जातं. मी म्हटलं, आपल्या बाबांनी कधी कोणाला फसवलं नाही. त्याने पट्ट्या माझ्या हातात दिल्या. पट्ट्या माझ्या कपाटात कुलपात आहेत.
संध्याकाळी
काट्यावर २९४. पण प्रामाणिक २९४.

१९ ऑगस्ट, सोमवार
कोचना चार पानी पत्र लिहिलं, आलेखासह. मुद्दा असा की वजन मोजू नका, शक्ती मोजा. गसच्या हाती पाठवलं. कोचनी त्याच्याच हाती उत्तर पाठवलं: "बहिणीला सांग, अक्षर सुंदर आहे. रविवारच्या सामन्यात साडेतीनशे पौंडांचा माणूस अंगावर आला की त्याला हे वाचून दाखवू." थट्टा सुरू झाली म्हणजे मुद्दा लागला आहे. दुसरं पत्र सहा पानी लिहिते आहे.

२३ ऑगस्ट, शुक्रवार
२९१. टीमच्या काट्याबद्दलचं माझं मत बदललं आहे.

३१ ऑगस्ट, शनिवार
सकाळी ऑफिसातला माणूस लॉकर रूममध्ये आला आणि गसला म्हणाला, "कोचनी बोलावलंय. टॅब्लेट घेऊन ये." त्या टॅब्लेटमध्ये टीमचे सगळे डाव असतात. तो परत मागितला की संपलं, हे तिथे सगळ्यांना कळतं. कोणी त्याच्याकडे बघितलं नाही. टायरी तेवढा उठून उभा राहिला.
घरी आल्यावर मी गसला सांगितलं की हा अन्याय आहे, आपण लढू, बत्तीस टीम आहेत, बत्तीस पत्रं लिहीन. तो म्हणाला, "तू लिहिशील, मला माहीत आहे." मग पट्ट्यांविषयी बोलेल असं वाटलं. बोलला नाही.

२ सप्टेंबर, सोमवार
आईने लाल बीन्स आणि भात केला. गसने दोन ताटं खाल्ली. मी अडवलं नाही. मोहापासून वाचवायला काही उरलंही नाही. मी काट्यावर उभी राहिले. माझे अकरा पौंड वाढले आहेत. बीन्समध्ये मीठ फार असतं.

६ सप्टेंबर, शुक्रवार
एकाही टीमचं उत्तर नाही. पोस्ट मंद आहे.
सकाळी पट्ट्या कपाटातून काढून गसच्या खोलीत ठेवायला गेले. तो न्हाणीघरात काट्यावर उभा होता, आठ वर्षांच्या सवयीने, शुक्रवार म्हणून. पट्ट्या माझ्या हातात बघून म्हणाला, "राहू दे गं." मग काटा वाचला, "दोनशे त्र्याण्णव. लिहून घे, प्रोफेसर."
लिहून घेतलं. दोन पौंड वाढले आहेत.