वर्गाकडे तोंड करून

सर,

यंदा आमच्या कॉलेजात गणिताच्या वर्गाला नवी खोली मिळाली. फळ्याच्या जागी भिंतभर पडदा आहे, प्रत्येक मुलापुढे टॅब आहे, आणि वर्गात कुणीही बोललं की त्याचे शब्द पडद्याच्या खालच्या पट्टीवर मराठीत उमटतात. ही पट्टी माझ्यासाठी आहे. तुम्ही मला जिथे शिकवलंत तिथेच मी आता शिकवते, आणि माझे कान तेव्हापेक्षाही गेलेत. प्रशिक्षण द्यायला पुण्याहून आलेला तरुण माझ्यासमोर वाकून, तोंड मोठं करून सांगत होता, "मॅडम, आता प्रत्येक विद्यार्थ्याला त्याच्या गरजेप्रमाणे शिकवता येईल." मी बरं म्हटलं. बसल्या बसल्या तुमची आठवण आली, म्हणून हे लिहायला घेतलं.

तुम्हाला माहीतच आहे, आठवीत तापाने आजारी पडले आणि उठले ती ऐकणं बरंचसं गमावूनच. मोहोळजवळच्या आमच्या गावात, शेळ्या-मेंढ्यांच्या घरात त्यावाचून फारसं अडलं नाही. तिथे सगळे ओरडूनच बोलायचे. सोलापूरला कॉलेजात आल्यावर मात्र मी कुणाला सांगितलं नाही. कानाचं यंत्र केसांखाली लपवायचं, पहिल्या बाकावर बसायचं आणि समोरच्याचं बोलणं थांबलं की मान डोलवायची. ओठांवरून मला बरंच कळायचं, पण तुम्ही फळ्याकडे तोंड करून लिहिता लिहिता बोलायचात, आणि वळलात तरी त्या झुपकेदार मिशीखाली ओठ दिसायचेच नाहीत. एकदा तुम्ही वळून माझ्याकडे बघत काहीतरी विचारलंत. मी मान डोलवली. वर्ग हसला. तुम्ही पुन्हा विचारलंत, मी पुन्हा डोलवली. तास संपल्यावर मला थांबवून, अगदी जवळ येऊन, एकेक शब्द तोडत म्हणालात, "मी विचारलं, सात आणि सात पंधरा ना? दोनदा हो म्हणालीस." मग माझ्या कानाकडे बघितलंत. "ऐकू येत नाही हे सांगायची लाज वाटते, आणि न कळता मान डोलवायची वाटत नाही?" मला इतका राग आला होता की त्या दिवशी मी जेवले नाही.

सहामाहीत नापास झाले तेव्हा वडील मला न्यायला आले. तुमच्या खोलीत तुम्ही दोघं बोलत होतात, आणि मी बाहेर माझी पेटी घेऊन उभी. दारातून दिसत होतं सगळं, कळत काहीच नव्हतं. वडील बाहेर आले आणि पेटी उचलून पुन्हा होस्टेलकडे चालू लागले. फाटकाशी थांबून त्यांनी मला सांगितलं, "मी म्हणलं, सर, पोरीला ऐकू येत न्हाय, लई झालं शिकणं, घरी घिऊन जातो. तर सर म्हणलं, ऐकू न येणाऱ्या पोरीला कसं शिकवायचं ते मला येत न्हाय, ही माजी चूक हाय. मोठ्या परीक्षेपत्तुर ऱ्हाऊ द्या." त्यांनी पेटी दुसऱ्या हातात घेतली. मग म्हणाले, "एवढा शिकलेला मानूस येत न्हाय म्हणतोय. ऱ्हा मग."

पुढच्या सोमवारी तुम्ही वर्गात आलात ते बिनमिशीचे. सगळा वर्ग उभा राहायचंच विसरला. कुणी विचारलं तर तुम्ही उकाड्याचं कारण सांगत होतात. त्याच दिवशी सामानाच्या खोलीत कापडाखाली पडून राहिलेला ओव्हरहेड प्रोजेक्टर तुम्ही काढून आणलात. त्याच्या काचेवर पारदर्शक कागद ठेवून लिहायचं, अक्षरं मागच्या भिंतीवर उमटायची, आणि लिहिणाऱ्याचं तोंड मात्र वर्गाकडे. कागद उडतात म्हणून पंखा बंद, दिव्याची धग थेट तुमच्या चेहऱ्यावर. पुढे मार्चमधलं सोलापूर आणि तुम्ही घामाने चिंब उभे आहात, प्रत्येक ओळ लिहून झाली की मान वर करताय, मगच बोलताय. मुलं कुरकुरायची. तुम्ही मला फक्त एवढंच विचारलंत, "आता दिसतंय का?" बाकीचं मला काकूंनी सांगितलं. मी तुमच्या घरी शंका विचारायला आले होते, तर स्वयंपाकघरात बसवून शेंगाचटणी आणि भाकरी वाढली आणि हसता हसता त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. "अगं, शेजारपाजारचे भेटायला येऊन गेले, कोण गेलं म्हणून. आणि सासरे आतल्या खोलीत चहा पीत बसलेले!"

मी पास झाले, पुढेही होत गेले. मी नोकरीला लागले तेव्हा तुम्ही या जगात नव्हतात.

आता या नव्या खोलीतली गोष्ट. वैरागची एक मुलगी आहे, हुशार, बोलायला घाबरत नाही. पहिल्याच आठवड्यात तिने हात वर करून विचारलं, "मॅडम, ह्ये शून्य कुटनं आणलं?" पट्टीवर उमटलं, 'हे सोनं कुठून आणलं?' मी हातातल्या पाटल्यांकडे बघितलं आणि सांगितलं, "आईच्या आहेत, मोडून नव्या केल्या." वर्ग लोटपोट. मलाही कळल्यावर हसू आलं, पण ती मुलगी खाली बसली ती बसलीच. पुढचे कितीतरी तास तिने हात वर केला नाही. विचारलं की ती मान डोलवायची, आणि ते डोलवणं मला लगेच ओळखू आलं.

टॅबचा एक उपयोग आहे, सर. प्रत्येकजण आपापल्या पायरीवरची उदाहरणं सोडवत असतो, तेव्हा वर्ग स्वतःच चालतो आणि मला मोकळं फिरता येतं. तशीच एकदा तिच्यासमोर खुर्ची ओढून बसले. ती म्हणाली, "मॅडम, मशीनला आमचं बोलणं कळत न्हाय. मी पुस्तकातल्यासारकं बोलू का?" मी म्हटलं, "नको. तू तुझंच बोल, फक्त माझ्याकडे बघून. मला कळतं." तिने त्याच शून्याचा प्रश्न पुन्हा विचारला, आणि तो प्रश्न बरोबर होता, मधली एक पायरी मी गाळली होती. हे मी वर्गाला सांगितलं. मग मुलांनीच यंत्राला नवे शब्द शिकवता येतात हे शोधून काढलं आणि हाय, न्हाय, कुटं, हितं असं सगळं त्यात भरलं. आता पट्टीवर अधूनमधून अस्सल वैराग उमटतं. सगळ्यात जास्त प्रश्न तीच विचारते, आधी मी बघेपर्यंत थांबते, मग बोलते. आता बाकीची मुलंही तसंच करतात. माझे दिवस चांगले चाललेत, हे तुम्हाला सांगायचं होतं.

परवा आपल्या वर्गातली एक मैत्रीण बार्शीहून आली होती. बोलता बोलता म्हणाली, "सरांचा आवाज किती बारीक होता नाही? मागच्या बाकावरची पोरं नक्कल करायची." मी विषय बदलला. इतकी वर्षं मी तुम्हाला एक जाड, खोल आवाज देऊन ठेवला आहे, आणि इथली तुमची सगळी वाक्यं त्याच आवाजात लिहिली आहेत. हे पत्र कुठे जाणार नाही, म्हणून सांगते: मैत्रिणीचं खरं असणार, हे मला पटलंय. तरी आवाज मी बदललेला नाही.