रिकामी लिफ्ट कुठे थांबते

बायान लेपास, पेनांग
शुक्रवार, ११ एप्रिल

प्रिय दादा,

आई बरी आहे, गुडघा सोडून. मावसभाऊ उद्या क्वालालंपूरला येतोय, त्याच्याबरोबर आईने केलेल्या आचाराचा, म्हणजे आपल्या लोणच्याचा, डबा आणि हे पत्र पाठवतेय. तिकडचं आचार तुला गोड लागतं म्हणून तिने तिखट जास्त घातलंय. फोन मुद्दामच केला नाही. फोनवर तू हसून वेळ मारून नेतोस.

बहीण दिवसभर बिनकामाची सर्किटं बनवते, अशी तू चेष्टा करतोस. खरंच आहे. ज्या चिपमध्ये मागाहून हवं ते सर्किट बसवता येतं, तिची परीक्षा घ्यायला ढीगभर सर्किटं लागतात, आणि गिऱ्हाईक आपली खरी सर्किटं कुणाला दाखवत नाही. म्हणून आम्ही यंत्राकडून खोटी पाडून घेतो. गुंता अगदी खऱ्यासारखा, अर्थ काही नाही. बाहेरून घर, आत बिऱ्हाडच नाही.

माझ्या शेजारी बसणाऱ्या लोगनची, तुझ्या त्या बॅडमिंटनच्या मित्राची, सर्किटं मात्र कधी खऱ्यासारखी व्हायची नाहीत. आमच्या वरिष्ठ ताय मॅडम सगळ्यांदेखत त्याला बोलायच्या. मंगळवारी त्याने अचानक एक असं आणलं की मॅडम खूश. मलाही त्याने कॉफी आणून दिली. न मागता कुणी कॉफी दिली की माझं डोकं चालायला लागतं.

सोमवारी हा सगळा संच जगाला खुला होणार, आणि त्यात कुणाचंही खरं सर्किट नाही, अशा हमीवर सही माझी असणार. तेव्हा मी ते चालवून पाहिलं. खोट्या सर्किटातून काहीबाही बाहेर पडायला हवं. यातून आकडे ओळीने आले. एक, दोन, तीन, मग चारच्या जागी तीन-ए, आणि पुढे पाच.

"लोगन, चार अशुभ असतो हे यंत्राला कुणी शिकवलं?" मी विचारलं.

"योगायोग असेल गं. तू तर स्वतःच्या सावलीवरही संशय घेशील." हसला तो, पण कप तसाच टाकून गेला.

मला वाटलं, चोर सापडला. आपल्याकडे इमारतींत चौथ्या मजल्याला तीन-ए म्हणतात, म्हणजे याने कुठल्या तरी लिफ्ट कंपनीचा माल ढापलाय. मॅडमकडे जायला उठलेही. जाण्याआधी एवढंच पाहिलं, की कुणी बटण दाबलं नाही तर ही लिफ्ट कुठे जाऊन थांबते. सगळ्या तळाला थांबतात. ही दुसऱ्या मजल्यावर थांबली.

मी परत खाली बसले.

आईच्या इमारतीतली लिफ्ट तशी थांबते, दादा. तुझ्याच कंपनीची लिफ्ट, आणि तूच तशी केलीस, दुसऱ्या मजल्यावर आईला दाराशी ताटकळावं लागू नये म्हणून. वरच्या मजल्यावरची शेजारीण त्यावरून अजून कुरकुरते.

मग एकेक आठवायला लागलं. गेल्या आठवड्यात चेंग बेंगला, पितरांच्या दिवशी, बाबांच्या थडग्यावरून परतल्यावर तू बॅडमिंटनला म्हणून लोगनबरोबर गेलास, आणि रॅकेट घरीच राहिली होती. जेवताना विचारलंस, तुमच्या कंपनीत नोकरीला जागा आहे का. मी म्हटलं, मॅडमना विचारते, तर म्हणालास, राहू दे, लोगन बघेल. काय बघणार होता तो? तू तुझ्या कंपनीचं सर्किट त्याला द्यायचं आणि त्याने तुझ्यासाठी शब्द टाकायचा, असंच ना? मला खोटं पाड. पाडलंस तर कान धरून माफी मागेन.

सही मी करणार नाही. सोमवारी मॅडमना सगळं सांगणार, आणि नाव विचारलं तर तेही सांगणार. त्याआधी तू स्वतः तुझ्या साहेबांकडे जा. नोकरी जाईल कदाचित. पण मी सही केली तर तुझी कंपनी आपला माल आज ना उद्या ओळखेलच, आणि मग पोलीस येतील. आपलं आडनाव एकच आहे, माझ्याकडेही बोट दाखवतील. मला तुझा फार राग आलाय, आणि तुझ्यासाठी भीतीही वाटतेय.

काल आईला दवाखान्यात नेलं, तेव्हा लिफ्ट दाराशी उभीच होती. आईने तिच्या दारावर हात ठेवला आणि म्हणाली, "बघ माझा लेक. लांब राहतो, पण मला कधी थांबायला लावत नाही."

मी तिला आत घेतलं आणि तळाचं बटण दाबलं. सोमवारपर्यंत मी थांबते.

तुझी धाकटी बहीण,
जिला तू विचारलं नाहीस, कारण ती नाही म्हणाली असती,
सिउ यिन