तेवढाच फटका

सावदा, मंगळवार, संध्याकाळ

भावाच्या शेजारच्या बागेतल्या नानांचा दात पडला, केळीच्या हिरव्या पानावर.

परदेशातल्या बंदरावर आमच्याकडचे केळीचे कंटेनर रोगाचं कारण सांगून अडवलेत. देशादेशांतले व्यापाराचे तंटे कसे सुटतात, ते मी कॉलेजात शिकवते, म्हणून धाकट्या भावाने मला धुळ्याहून बोलावलं. तो गावातल्यांची केळी घेऊन परदेशी पाठवतो; त्याच्या पॅकिंगच्या शेडमध्ये शेतकरी जमले होते. "केयी कव्हा सुटतीन?" नानांनी विचारलं. मी सांगितलं, आधी दोन्ही देश साठ दिवस बोलतात, मग पंच बसतात, मग अपील, आणि अपिलाच्या खुर्च्या तर रिकाम्याच आहेत.

नानांनी कोयत्याची मूठ भावाच्या कानावर हाणली. "माल तू उचलतो, मंग आता तूच सांग!" रक्त आलं. लोकांनी नानांना धरलं. तेव्हा तरी गप्प बसावं की नाही? मी रागाने उरलेलंही सांगून टाकलं: शेवटी जिंकलेल्या देशाला उलट फटका मारायची परवानगी मिळते, पण जेवढं नुकसान तेवढाच.

नाना माणसांना झटकून पुढे आले. "मार मंग. तेवढाच."

भावाने मारला. तेवढाच? नाना सत्तरीचे, भाऊ पस्तिशीचा. पानावर तो दात पडला.

सगळे म्हणाले, ताई, तुम्ही तरी अडवायचं होतं. त्यांना काय सांगू? नाना खाली कोसळले तेव्हा मी मनात म्हणत होते, अजून एक हाण.